यंत्रांना दम धरायला शिकव

बाळा, स्मार्ट मीटरच्या कंपनीत लागलास, फार बरं झालं. देशात २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायचं २०२१ साली ठरलं, म्हणजे तुझ्या हाताला काम पुरेल आणि डोक्याला तापही. ताई फोनवर सांगत होती, पोरगा हल्ली रात्री बारापर्यंत जागतो आणि स्क्रीनकडे बघत बसतो. बसशीलच. बाराच्या ठोक्याला हजारो मीटर एकदम बोलायला उठतात आणि एकाचंही धड ऐकू येत नाही. याचं उत्तर मोठ्या टॉवरमध्ये कमी आणि मीटरच्या सवयींत जास्त आहे. त्या सवयी लिहून देतोय. जेवून झाल्यावर वाच, उपाशीपोटी मामाचं बोलणं पटत नाही.

आधी दार ओळख

१. टॉवरमधून किती डेटा जातो एवढंच विचारू नकोस, एका क्षणी किती यंत्रं त्याचं दार ठोठावू शकतात तेही विचार — मीटरचा निरोप असतो चिमूटभर बाइटांचा. अडतं ते आत शिरताना, आत गेल्यावर नाही.

२. शिरायच्या चार पायऱ्या पाठ कर: यंत्र एक खूण पाठवतं, टॉवर म्हणतो ‘ऐकलं, अमुक वेळेला बोल’, यंत्र आपली ओळख सांगतं, टॉवर तीच ओळख परत उच्चारून आत घेतो — कितव्या पायरीवर पाय घसरला ते कळलं नाही, तर उपाय भलत्याच ठिकाणी होतो.

३. फोर-जीच्या एका सेलकडे अशा ६४ खुणा असतात, आणि काही राखून ठेवल्यावर सर्वांसाठी साधारण ५४ उरतात — दोन मीटरांनी एकच खूण उचलली की दोघांना एकच उत्तर मिळतं, दोघं एकाच वेळी बोलतात आणि टॉवरला नुसता कालवा ऐकू येतो.

४. ५४ खुणा आणि ५४ मीटर, म्हणजे प्रत्येकाला एकेक, असा भाबडा हिशेब करू नकोस; एका खेपेला सरासरी २० च आत जातात — खुणा कुणी वाटून देत नाही, जो तो डोळे मिटून उचलतो.

५. गर्दी त्याहून वाढली की आत जाणारे वाढत नाहीत, उलट घटतात — नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, त्या अलोहा पद्धतीच्या काळापासून हे गणित तसंच आहे.

६. ‘टॉवरवाल्यांना जास्त वेळा दार उघडायला सांगू’ हा उपाय शेवटी ठेव, पहिल्यांदा नको — दर खेपेला फोर-जीचा टॉवर एक मेगाहर्ट्झहून थोडा जास्त पट्टा खुणा ऐकायला बाजूला काढतो, आणि तो डेटाच्याच वाट्यातून कमी होतो.

घड्याळ एक, गोंधळ हजार

७. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने २०११ च्या अभ्यासात मांडलेले दोन प्रसंग शोधून वाच: ३० हजार यंत्रं एका मिनिटात सारखी पसरून आली तर, आणि तेवढीच १० सेकंदांत धडकली तर — पहिल्या प्रसंगात सगळं सुरळीत पार पडतं, दुसऱ्यात बहुतेकांना हात हलवत परतावं लागतं. यंत्रं तीच, टॉवर तोच, फरक फक्त पन्नास सेकंदांचा.

८. वाचन घ्यायची वेळ आणि पाठवायची वेळ वेगळी ठेव — बिलाला मध्यरात्रीचं वाचन मध्यरात्रीचंच लागतं, पण ते पहाटे सव्वादोनला पोहोचलं म्हणून कुणाचं बिल बदलत नाही.

९. प्रत्येक मीटरला पाठवायचं मिनिट त्याच्या अनुक्रमांकावरून काढून दे — सर्व्हरला न विचारता त्याला स्वतःची पाळी कळते, आणि पाळी रोज तीच असल्याने आज कोण गैरहजर हे तुलाही कळतं.

१०. मात्र अनुक्रमांकाचे नुसते शेवटचे आकडे घेऊ नकोस, तो हॅशमधून काढ — एका इमारतीत एकाच खोक्यातले मीटर लागतात, त्यांचे आकडे शेजारशेजारचे, मग त्यांची मिनिटंही शेजारशेजारची.

११. रँडम आकड्याचं बीज मीटर चालू होऊन किती वेळ झाला त्यावरून घेऊ नकोस — लाईट सगळ्यांकडे एकाच क्षणी येते, बीज सगळ्यांचं एकच होतं, आणि मग हजार मीटर अगदी शिस्तीत, एकसाथ ‘रँडम’ वागतात.

१२. पूर्ण तास, पाव तास, अर्धा तास हे गोल ठोके सोडून दे — त्याच टॉवरवर गाड्यांचे ट्रॅकर आहेत, एटीएम आहेत, दुकानातले पैसे आल्याचं सांगणारे साउंडबॉक्स आहेत, आणि त्यांच्या प्रोग्रामरांनाही गोल आकडेच आवडतात.

१३. ‘सर्व मीटरांकडून आत्ता वाचन मागवा’ असं बटण वरिष्ठांच्या स्क्रीनवर ठेवावंच लागलं, तर त्याच्या मागे गुपचूप टप्पे टाक — साहेब अधीर असतात, टॉवर गरीब असतो.

लाईट गेली, लाईट आली

१४. लाईट आल्यानंतरचं पहिलं मिनिट एकदा टॉवरच्या जागी बसून बघ. फीडर चालू होतो, मोडेम काही सेकंदांत जागे होतात, नेटवर्क सापडताच सगळे एकदम नोंदणी मागतात. ज्यांची टक्कर झाली ते मिलिसेकंदांत पुन्हा हजर, आणि त्याच क्षणी गावातली माणसं ‘तुमच्याकडे आली का हो?’ म्हणून एकमेकांना फोन लावत असतात — या एका मिनिटासाठी तुझा प्रोग्राम लिहायचा, बाकीचा दिवस आपोआप निभावतो.

१५. वीज आल्यावर मोडेमला लगेच नेटवर्कवर पाठवू नकोस. शून्यापासून दहा-पंधरा मिनिटांपर्यंतचा एक रँडम आकडा काढून तेवढं थांबव — मीटर नेटवर्कविनाही युनिट मोजतं, आणि त्याला कुणाचा फोन यायचा नसतो.

१६. पावसाळ्यात वीज डोळे मिचकावते, म्हणून ती ठरावीक वेळ टिकल्याशिवाय ‘लाईट आली’ असं मीटरने मानू नये — नाहीतर दर मिचकावणीला अख्खा फीडर नोंदणीला धावतो. आल्या-गेल्याची नोंद मीटरमध्ये राहू दे, ती सवडीने पाठव.

१७. लाईट जाताना द्यायचा शेवटचा निरोप, ज्याला तुम्ही ‘लास्ट गॅस्प’ म्हणता, तो प्रत्येक मीटरने द्यायची गरज नाही — ट्रान्सफॉर्मरवरचं मीटर आणि ग्राहकांपैकी थोडे बोलले तरी अंधार कुठे आहे ते कळतं. कपॅसिटरवर मोडेम क्षणभरच जगतो. तो क्षण गर्दीत घालवला तर कुणाचाच निरोप पोहोचत नाही.

१८. वीज बराच वेळ नसली आणि वाचनं साचली, तर ताजं आधी पाठव आणि जुनं पुढच्या काही तासांत हप्त्याहप्त्याने — जुनी बाकी फेडायला सगळे एकाच दिवशी उभे राहिले की आजचा व्यवहारही बुडतो.

नकार ऐकावा कान देऊन, परत जावं वेळ घेऊन

१९. पहिला प्रयत्न फसला तर थांबायचा वेळ दुप्पट कर, पुढच्या वेळी पुन्हा दुप्पट, आणि दर वेळी त्यात रँडम मिसळ — नुसतं दुप्पट केलंस तर टक्कर झालेले दोघं पुन्हा जोडीनेच परत येतात.

२०. निरोप पाठवायला कोॲप हा छोट्या यंत्रांसाठीचा प्रोटोकॉल वापरत असशील तर त्याच्या २०१४ च्या मानकातले आकडे तसेच राहू दे: पहिला थांबा २ ते ३ सेकंदांमधला कुठलाही, मग दर वेळी दुप्पट, आणि पुन्हा पाठवणं जास्तीत जास्त ४ वेळा — ‘आमचं काम तातडीचं आहे’ असं प्रत्येकालाच वाटतं, म्हणून तर ते आकडे लिहून ठेवावे लागले.

२१. नकारासोबत नेटवर्कने थांबायची मुदत दिली तर ती पूर्ण पाळ, एक सेकंदही कमी नाही — आत किती गर्दी आहे हे त्याला दिसतं, तुझ्या मीटरला दिसत नाही.

२२. नोंदणी लागोपाठ ५ वेळा फसली की फोर-जीचा मोडेम आपणहून शांत बसतो, आणि नेटवर्कने वेगळं सांगितलं नसेल तर १२ मिनिटं. तेवढ्यात त्याला रीसेट मारू नकोस — रीसेटने मोजणी शून्यावर येते आणि नियमाने गप्प बसलेलं यंत्र पुन्हा दारात येतं.

२३. अडकलेलं यंत्र पुन्हा सुरू करणाऱ्या वॉचडॉगला पायऱ्या शिकव: आधी सर्व्हरशी जोडणी पुन्हा उघड, मग डेटाचं सेशन, मग नोंदणी, आणि सगळ्यात शेवटी मोडेमची वीज तोड — थेट शेवटच्या पायरीवर उडी मारणारा वॉचडॉग सर्व्हरचं दुखणं टॉवरच्या गळ्यात बांधतो.

२४. सर्व्हर देखभालीसाठी बंद करणार असशील तर मीटर त्या वेळी काय करतात ते आधी तपास — तू दहा मिनिटांसाठी बंद केलास आणि तेवढ्यात सगळे मोडेम रीसेट झाले, तर उघडल्यावर पुढचे दोन तास तुला सगळीकडे शांतता दिसेल, आणि ती विश्रांतीची नसेल.

२५. लॉगमध्ये सीईआरईजीच्या, म्हणजे मोडेमला नोंदणीची स्थिती विचारणाऱ्या कमांडच्या, उत्तरातला दुसरा आकडा वाचायची सवय लाव: १ म्हणजे घरच्या नेटवर्कवर नोंद झाली, ५ म्हणजे रोमिंगवर, २ म्हणजे अजून शोधतोय, ३ म्हणजे नाकारलं — शोधणाऱ्याला चांगला अँटेना लागतो, नाकारलेल्याच्या सिमचं खातं तपासावं लागतं, दोघांना रीसेट हा एकच काढा पाजणारे फार आहेत.

२६. सिम बंद केलंस तर यंत्रही भिंतीवरून उतरव, नाहीतर त्याला दिवसातून एकदाच विचारायला शिकव — मेलेलं सिम सगळ्यांत जास्त बडबडतं, आणि त्याचं बिल येत नाही म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

टॉवरचे कायदे पाळ

२७. गर्दी झाली की टॉवर एक आकडा सर्वांना ऐकवतो. प्रत्येक यंत्राने ० ते १ मधला आकडा मनाशी काढायचा, तो टॉवरच्या आकड्याहून लहान निघाला तर पुढे जायचं, नाहीतर काही काळ मागे थांबायचं — सगळ्यांनी प्रामाणिकपणे फासा टाकला तरच हे चालतं.

२८. थ्रीजीपीपीच्या मानकांच्या रिलीज ११ पासून यंत्रांसाठी वेगळी बंदीही आहे: सिमवर ० ते ९ पैकी एक वर्ग लिहिलेला असतो, आणि टॉवर म्हणू शकतो, सध्या ३ आणि ७ च्या यंत्रांनी थांबा. मोडेम खरेदी करताना तो हे पाळतो का आणि ती सेटिंग चालू आहे का, दोन्ही विचार — येत असून बंद ठेवलेला गुण कामाचा नसतो.

२९. सिमचा नवा लॉट आला की हे दहा वर्ग सारखे वाटलेले आहेत का ते नमुन्याला थोडी सिम वाचून बघ — सगळी एकाच वर्गातली निघाली तर टॉवरने तो एक आकडा रोखताच तुझा अख्खा तालुका गप्प होतो.

३०. ‘मला घाई नाही’ असं नेटवर्कला सांगायची सोय रिलीज १० पासून आहे. रोजच्या वाचनासाठी ती खुशाल वापर, पण पैसे भरलेल्या ग्राहकाची वीज जोडायच्या आदेशाला तिच्यात अडकवू नकोस — सगळंच तातडीचं म्हणणाऱ्याचं खरं तातडीचंही कुणी ऐकत नाही.

कमी बोलावं, नेमकं बोलावं

३१. करारात ज्या मुदतीत वाचनं द्यायची आहेत तिच्या आत जमतील तेवढी एकत्र पाठव — आठ वाचनांच्या आठ खेपा म्हणजे आठ वेळा त्याच चार पायऱ्या.

३२. जोडणी तुटू नये म्हणून दर मिनिटाला ‘मी आहे, मी आहे’ पाठवणारा प्रोग्राम लिहू नकोस — काही सेकंद शांतता झाली की टॉवर यंत्राला बाजूला बसवतो, मग ते दर मिनिटाला नव्याने दारात उभं राहतं आणि सांगायला काहीच नसतं.

३३. सुरक्षित जोडणीसाठीची टीएलएसची ओळखपरेड दर निरोपाला पहिल्यापासून करू नकोस, जुनं सेशन पुढे चालव — निरोप दोनशे बाइटचा आणि ओळखपरेड काही हजार बाइटांची, हा व्यवहार आतबट्ट्याचा.

३४. पाण्याच्या किंवा गॅसच्या मीटरसारखं बॅटरीवरचं यंत्र असेल तर मोडेम पूर्ण बंद करण्याऐवजी त्याला पॉवर सेव्हिंग मोडमध्ये झोपव — झोपेत त्याची नोंदणी शाबूत राहते. बंद केलेल्याला दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

३५. बाहेरून अधूनमधून हाक मारावी लागणार असेल तर ईडीआरएक्स, म्हणजे ठरावीक अंतराने जागं होऊन हाक ऐकायची सोय, वापर. यंत्रांसाठीच्या नेटवर्कांपैकी एलटीई-एममध्ये हाकेचं अंतर सुमारे ४४ मिनिटांपर्यंत नेता येतं आणि एनबी-आयओटीत जवळजवळ तीन तासांपर्यंत — अंतर ठरवताना आधी हे ठरव की कोणता आदेश किती उशिरा पोहोचला तर चालेल.

३६. दाट वस्तीत प्रत्येक मीटरला सिम लावण्याआधी आरएफ मेशचा विचार कर: मीटर आपसात बोलतात आणि एकच गेटवे सगळ्यांच्या वतीने टॉवरकडे जातो — शंभर जणांचं काम एकाने नेलं तर उंबरठा झिजत नाही. फक्त त्या गेटवेला वीज गेल्यावर टिकेल अशी बॅटरी दे, नाहीतर शंभर जण एकदम मुके होतात.

जागा, सिम आणि धीर

३७. जिन्याखालच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत मीटर असेल तर अँटेना पेटीबाहेर काढ, आणि सिग्नल मोजताना पेटीचं आणि खोलीचं दार लावून मोज — तू गेल्यावर ती दोन्ही लावलेलीच असणार आहेत.

३८. एनबी-आयओटी अशा कोंदट जागी पोहोचतं, कारण ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतं, मीटरकडून टॉवरच्या दिशेला १२८ वेळांपर्यंत. म्हणून ‘जोडलंय ना’ एवढ्यावर समाधान मानू नकोस — जे मीटर १२८ वेळा सांगतं ते बाकीच्यांचा वेळ खातं. अँटेना बाहेर काढणाऱ्या दोन मीटर लांब वायरीत शेजाऱ्यांचंही भलं होतं.

३९. त्याच एनबी-आयओटीवर मोठं फर्मवेअर एका रात्रीत सगळीकडे ढकलायचा हट्ट धरू नकोस — त्याची सगळी रुंदी १८० किलोहर्ट्झ. आधी मूठभर मीटर, मग एक फीडर, मग आठवडाभरात बाकीचे. आणि फक्त बदललेला भाग पाठव.

४०. सिम दोन नेटवर्कवर चालत असेल तर एक पडल्यावर सगळ्यांनी दुसऱ्यावर एकदम उडी मारू नये, तिथेही रँडम थांबा हवा — नाहीतर पहिल्याची आग विझायच्या आत दुसऱ्याचं घर पेटतं.

४१. यंत्रांच्या सिमचे क्रमांक १३ आकडी असतात, २०१८ पासून तसं ठरलं आहे. डेटाबेसचा रकाना १० आकड्यांचा ठेवू नकोस — चुकीच्या क्रमांकावर केलेली तक्रार ऑपरेटरकडे कायम ‘तपास सुरू आहे’ अशी पडून राहते.

४२. नव्या भागात मीटर लावण्याआधी ऑपरेटरच्या माणसाला कुठे, किती आणि कोणत्या मिनिटांना बोलणार, याची यादी दे — त्याला आधी कळलं तर तो तयारी करतो, नंतर कळलं तर तो तुला शोधतो.

४३. शेवटची परीक्षा घे: शंभर-दोनशे मीटर एका फळ्यावर लाव, मेन स्विच पाड, पाच मिनिटांनी चढव आणि कोण कधी नोंदलं त्याचा आलेख काढ — टेबलावर एकटं मीटर नेहमीच शहाणं असतं. आलेख सपाट आला तर पास. सुरुवातीलाच सुळका दिसला तर पुन्हा पहिल्या मुद्द्यापासून वाच.

आता तुला कुणीतरी सांगेलच की फाइव्ह-जी आलं, दर चौरस किलोमीटरला १० लाख यंत्रं चालतात, तेव्हा मामाचे हे जुने नियम गुंडाळून ठेव. तो आकडा खरा आहे, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २०१७ मध्ये उद्दिष्ट म्हणून तोच लिहिला. पण तो तपासायची रीतही वाच: प्रत्येक यंत्राने दोन तासांतून एकदा, ३२ बाइटचा एक निरोप पाठवायचा, असं धरून तो हिशेब आहे. म्हणजे ते १० लाखही दम धरणारे आहेत, एकदम धावून येणारे नाहीत.

तेव्हा उद्या कामावर गेलास की पहिल्यांदा एक गोष्ट बघ, लाईट आल्यावर मीटर किती वेळ थांबतं. शून्य असेल तर मला फोन करू नकोस. आधी ते बदल, मग फोन कर.